जिभेची तालीम

आमच्या तांबट आळीत हळू बोलणारा माणूस जन्माला येत नसे. चुकून आलाच, तर तो काय बोलतो ते कोणाला ऐकू जात नसे, म्हणजे तो नसल्यातच जमा. उजाडलं की घरोघर हातोडे सुरू व्हायचे ते दिवेलागणीपर्यंत. घागरी, हंडे, घंगाळी, पराती, सगळ्यांना आकार यायचा आणि आमच्या कानांचा जायचा. त्यामुळे आमच्या घरात गुपित ही चीजच नव्हती. आईला आबांना "पीठ संपलंय" एवढंच सांगायचं असलं तरी ते आळीच्या तोंडापर्यंत पोचायचं, आणि दुपारी तिथला कोणीतरी आपुलकीने विचारायचा, "आलं का हो पीठ?" आबांची थोरली बहीण, आमची आत्या, विधवा झाल्यापासून आमच्याकडेच होती. तिचा आवाज हातोड्यांच्याही वर चढे. ती नैवेद्य दाखवायची तेव्हा देव दचकत असणार, पण तो बिचारा बोलून कोणाला दाखवणार! सकाळी बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी, दुपारी आमटी-भात, सणाला पुरण. आणि प्रत्येक घासाबरोबर प्रत्येकाचं मत. मीठ जास्त, तिखट कमी, कालची बरी होती, परवाची त्याहून बरी होती. मत न देता जेवणाऱ्याला आमच्याकडे आजारी समजत.

अशा घरात माझी जीभ लांब झाली तर त्यात माझा काय दोष? आबांच्या मते मात्र माझे हात कामाचे नव्हते आणि तोंड गरजेपेक्षा जास्त कामाचं होतं. हातोडा मारताना मी बोलायचो, आणि ज्या शब्दावर जोर द्यायचा तिथे घागरीला पोचा पडायचा. म्हणून मला दुकानाच्या ओट्यावर गिऱ्हाइकांशी बोलायला बसवलं. ही आबांची आयुष्यातली सर्वांत महागडी कल्पना. एक वयस्क शास्त्रीबुवा हंडा घ्यायला आले. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, बोटाने वाजवला, नाकाजवळही नेला. शेवटी म्हणाले, "काय रे, टिकेल का हा?"

मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा नक्की."

शास्त्रीबुवांनी हंडा जागच्या जागी ठेवला आणि पायरी उतरून गेले. आबांनी हातोडा खाली ठेवला. त्या दिवशी आमच्या दुकानात काही क्षण जी शांतता पसरली, ती मी तिथे त्याआधी कधी ऐकली नव्हती. तेवढ्यात ओट्याच्या कडेला बसलेला एक काटकुळा, पांढऱ्या मिशांचा माणूस खो-खो हसला. तो तांब्या कल्हई करून न्यायला आला होता. रावजी नाईक त्याचं नाव. बुधवार पेठेतल्या एका सरदारांच्या पदरी जासुदांचा नाईक होता. निरोप आणि सांगावे घेऊन धावणारी माणसं तयार करणं हे त्याचं काम. सरदारांचं नाव मी सांगत नाही. त्यांचं घराणं केव्हाच पांगलं, पण माझी सवय गेलेली नाही.

"हे पोरगं मला द्या," नाईक आबांना म्हणाला. "ही जीभ बांधता आली तर जगातली कुठलीही बांधता येईल."

आबांनी विचार करायला वेळ मागितला नाही. मला वाटतं, त्यांनी श्वासही घेतला नाही. आई तेवढी आतून म्हणाली, "त्याला उपाशी ठेवू नका हो." ते अर्थातच आळीच्या तोंडापर्यंत ऐकू गेलं.

वाड्याच्या मागच्या आवारात, पागेला लागून, नाईकाची शाळा भरायची. आता माझा नातू ज्या शाळेत जातो तिथे शिस्त म्हणजे ओळीत उभं राहणं आणि पंतोजी आले की एका सुरात ओरडणं. ओरडायला शिकवायचं आणि त्याला शिस्त म्हणायचं, हे नवीन राज्यच करू जाणे. नाईकाच्या शाळेत ओळ नव्हती आणि ओरडणं तर नव्हतंच. पहाटे उठून आम्ही पर्वतीच्या पायथ्यापर्यंत पळत जायचो आणि परत यायचो. निघताना नाईक प्रत्येकाच्या कानात एक सांगावा सांगायचा. परत आल्यावर तो जसाच्या तसा म्हणून दाखवायचा. शब्द गाळायचा नाही, शब्द घालायचा नाही. इतकं सोपं काम मला वर्षभर जमलं नाही.

पहिल्याच दिवशीचा माझा सांगावा होता, "उद्या पाहुणे येतील. चौघांचा स्वयंपाक करावा." मी पळत आलो आणि धापा टाकत म्हणालो, "उद्या पाहुणे येणार आहेत, नेहमीसारखे आयत्या वेळी. चौघं म्हणतायत, पण स्वयंपाक सहा जणांचा करावा."

"सहा कुठून आले?" नाईकाने विचारलं.

"अनुभवातून."

नाईक कधी मारत नसे. मारलं असतं तर बरं, असं वाटावं अशा त्याच्या शिक्षा होत्या. त्याने मला त्या दिवशी मंडईत नेऊन बसवलं. मंडई तेव्हा शनिवारवाड्याच्या पुढच्या मैदानात भरायची. वांग्यांच्या पाट्यांशेजारी मला बसवून म्हणाला, "संध्याकाळपर्यंत इथे बसायचं. बोलायचं नाही." माझ्यासमोर एक बाई जून गवार कोवळी म्हणून विकत होती आणि पुणेरी माणसं ती घेत होती. एक गृहस्थ तर "कोवळी आहे ना?" असं गवारीला सोडून त्या बाईलाच विचारत होते. माझ्या तोंडात इतकी उत्तरं गोळा झाली की गिळता गिळता घसा सुजला. संध्याकाळी नाईक न्यायला आला तेव्हा मी रडत होतो. तो म्हणाला, "मरत नाही माणूस. बघितलंस?"

जेवण वाड्यावरच असायचं आणि त्याचीही तालीमच होती. पानावर बसल्यावर अन्नाबद्दल एक अक्षर काढायचं नाही. आचाऱ्याला नाईकाने सांगून ठेवलं होतं की नाही कोण जाणे, पण आमटीत एक दिवस मीठ नसायचं आणि दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं असायचं. माझ्या शेजारी हसन बसायचा. दारावरच्या पहारेकऱ्याचा मुलगा, माझ्याच वयाचा. तो विहिरीचं पाणी प्यावं तशी ती आमटी पिऊन टाकायचा, चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. नाईक त्याचं कौतुक करायचा. पण हसन मुळातच दिवसातून फार तर दहा शब्द बोलणारा. त्याला गप्प बसण्याचं बक्षीस देणं म्हणजे माशाला पोहण्याचं देणं. मी हे त्याला एकदा म्हटलं. तो जरा विचार करून म्हणाला, "खरं आहे." तेवढ्यानेच आमची दोस्ती झाली, आणि ती तो असेपर्यंत टिकली.

शिस्त अंगात नेमकी कधी शिरली ते मला सांगता येणार नाही. मात्र एका सणाला घरी गेलो होतो, आत्याने पुरणपोळी वाढली, ती करपली होती, आणि आत्या समोर उभी राहून "कशी झालीय?" म्हणून माझ्याकडे बघत होती. वाक्य ओठापर्यंत आलं. नेहमीप्रमाणे चांगलं धारदार होतं. आणि ते तिथे थांबलं. मी त्याच्याकडे बघितलं, अगदी बाजूला उभा राहून बघावं तसं, आणि ते परत आत गेलं. जाताना थोडं दुखलं. मी दुसरी पोळी मागितली. आत्याने आईला हाक मारून सांगितलं, "अगं, ह्याला बरं नाहीये!"

त्याच सुमारास सरदारांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं बिनसलं. भांडण वडिलांच्या निशाणावरून. ते कोणाच्या दारात लागायचं, यावर दोघेही अडून बसले होते. मोठे म्हणत, मी थोरला. धाकटे म्हणत, वडिलांबरोबर मोहिमांवर फिरलो मी. तुम्ही वाड्यात बसून पानं खाल्लीत. धाकटे आपले लोक घेऊन निघाले आणि नगरच्या रस्त्याला वाघोलीजवळ तळ देऊन बसले. इकडे आमच्या वाड्याची अवस्था अशी, की बहुतेक स्वार पेरणीसाठी आपापल्या गावी गेलेले. जे मूठभर उरले होते त्यांनाच पुढच्या दाराने बाहेर काढून मागच्या दाराने आत घेत, म्हणजे रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं की फौजच फौज आहे. भिंतीला रिकामे भाले टेकवून ठेवले होते. दारावर हसनचे वडील एकटे उभे असायचे आणि मागे शंभर माणसं असल्यासारखे खाकरायचे.

जुने जासूद सगळे लांबच्या कामगिरीवर, शाळेतली बाकीची पोरं पेरणीला घरी. हसनच्या टाचेत बाभळीचा काटा मोडलेला. नाईकाचे गुडघे केव्हाचे गेलेले. तेव्हा वाघोलीला सांगावा न्यायला वाड्यात उरलो कोण, तर मी. नाईकाचा चेहरा मला आजही आठवतो. दारूच्या कोठारात पलिता घेऊन पोर पाठवावं लागतंय, तसा.

"हे बघ," त्याने मला बाजूला घेतलं. "सांगावा सांगायचा आणि घेऊन यायचा. इकडे जे दिसलं ते तिकडे बोलायचं नाही. तिकडे दिसेल ते इकडे बोलायचं नाही. कोणीही विचारलं तरी. आपला माणूस विचारतोय म्हणून एकदा बोललास, की पुढच्या वेळी तुला कोणी दारात उभं करणार नाही. मग दोघांच्या मधे बोलणारं कोणी उरत नाही, आणि हा दारावरचा म्हातारा पहिला मरतो. कळलं?"

हसनचे वडील तेव्हा दारावर खाकरत होते. मला कळलं.

सरदारांचा सांगावा होता, "निशाण वाड्यातून हलणार नाही. भेटायचं तर एकटा ये. लोक घेऊन आलास तर दार बंद मिळेल." मी तो घोकत निघालो. नदी ओलांडली, उन्हं चढायच्या आत वाघोलीच्या माळावर पोचलो, आणि तळ पाहून वाटलं, वाड्याचं आता काही खरं नाही. राहुट्याच राहुट्या. पण जसजसा आत जाऊ लागलो तसं काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. घोड्यांचे खुंटे रांगेने ठोकलेले होते आणि आसपास लीद नव्हती. चुली मांडलेल्या होत्या आणि राख नव्हती. वाऱ्याने एका राहुटीचं कापड उडालं, आत नुसती जमीन. पुढे दुसरी, तीही तशीच. इथेही मूठभर माणसं इकडून तिकडे लगबगीने जात होती, आणि त्यातला एक तांबड्या मुंडाशाचा मला तीनदा वेगवेगळ्या दिशांनी भेटला. प्रत्येक वेळी त्याने मला नव्याने दरडावलं.

मला हसू आलं. हसू कसलं, पोटात उकळी फुटली. दोन भाऊ, दोघांकडे माणसं नाहीत, दोघं एकमेकांना फौजेचा धाक दाखवतायत, आणि हे अख्ख्या मुलखात एका माणसाला माहीत आहे, आणि तो माणूस तांबट आळीतला सख्या! इतका उत्तम विनोद माझ्या आयुष्यात त्याआधी आला नव्हता आणि त्यानंतरही आला नाही. आणि सांगायची बंदी.

धाकट्या सरदारांना सांगावा सांगितला. ते उंच, तापट, डोळ्यांत झोप नसलेले. ऐकून "बस जरा" म्हणाले, आणि त्यांच्या कारभाऱ्यांनी मला सावलीत नेऊन पुढे भाकरी, भरीत, दही आणि गूळ ठेवला. कारभारी मोठे गोड माणूस. "जेव बाळा. तुमच्या वाड्यात हल्ली आबाळच असेल. एकच चूल पेटते म्हणे?"

"एकच?" असा शब्द माझ्या ओठावर आला. त्याच्या मागे आचारी, पंगती, तूप, सगळं रांगेने उभं होतं. आमच्या पंगतीला किती लोक बसतात हे मी एकदा फुशारकीत सांगितलं असतं, की कारभाऱ्यांना भाकऱ्यांवरून माणसं मोजायला कितीसा वेळ! मी मोठा घास तोंडात कोंबला आणि चावत राहिलो.

"मुका आहे की काय?" धाकटे सरदार पुढे आले. त्यांनी दरडावून बघितलं, मग घोडा देतो म्हणाले. मला घोडा हवा होता. तांबटाच्या पोराला घोडा! मी घास चावतच होतो, एव्हाना त्यात चावण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग ते एकदम माझ्यासमोर खाली बसले आणि वेगळ्याच आवाजात म्हणाले, "तू रोज दादांना बघतोस. तुला काय वाटतं रे? चूक कोणाची?"

जन्मापासून मी न विचारता मतं देत आलो होतो. आज पहिल्यांदा कोणी विचारत होतं, तेही सरदार, तेही जमिनीवर बसून. आणि माझं मत तयार होतं, दोघांनाही पुरून उरेल असं.

"मला सांगावा आणायचं काम दिलंय, सरकार," मी म्हणालो. "वाटण्याचं दिलेलं नाही."

 ते उठले आणि उलट सांगावा दिला, "निशाणाला मुजरा केल्याशिवाय परतणार नाही. एकटा यायला भीत नाही. दादांनीही दारात एकटंच यावं."

मी वाड्यावर परत आलो आणि सांगावा शब्दाला शब्द सांगितला. सरदारांनी मान डोलावली आणि लगेच विचारलं, "लोक किती आहेत त्याच्याकडे?"

मी मुजरा केला आणि मागे सरलो.

"अरे, तुला विचारतोय. तू माझं मीठ खातोस!"

मिठाबद्दल बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं, पण तेही गिळलं. "मला सांगावा दिला होता, सरकार. मोजदाद सांगितली नव्हती."

सरदारांचा चेहरा लाल झाला. त्यांनी मला हाकलून द्यायला सांगितलं. रावजी नाईक पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "त्याने सांगितलं असतं तर मीच त्याला हाकलला असता. शिकवण माझी आहे. चूक वाटत असेल तर मला काढा."  या वयात त्याला दुसरीकडे कोण ठेवणार होतं! सरदार येरझाऱ्या घालू लागले. समोरच्याची ताकद किती ते माहीत नाही, आपली किती ते चांगलंच माहीत. अशा वेळी माणसाला भाऊ आठवतो.

दुसऱ्या दिवशी धाकटे एकटे आले. थोरले दारात एकटे उभे होते. हसनच्या वडिलांनी बाजूला होऊन वाट दिली.  धाकट्यांनी निशाणाला मुजरा केला, परत फिरले, आणि तेवढ्यात थोरल्यांनी त्यांचा हात धरला. दोघं आत गेले ते जेवायलाच बसले. निशाण वर्षाआड इकडे-तिकडे लावायचं ठरलं. पंगतीला दोघांचीही जीभ सुटली. थोरले म्हणाले, "माझे लोक इतके चवताळले होते, मीच आवरलं." धाकटे म्हणाले, "माझ्यांना तर बांधून ठेवावं लागलं!" मी मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभा. तालमीचं सगळं चीज त्या क्षणी झालं. हसलो नाही. तांब्यातलं पाणी तेवढं डचमळलं.

पंगत उठल्यावर नाईक मला घेऊन आवाराबाहेर चालू लागला. पाठीवर हात ठेवला, तो त्याने त्याआधी कधी ठेवला नव्हता. इकडे-तिकडे बघून अगदी हळू म्हणाला, "सख्या, तिकडे खरंच किती होते रे?"

मी थांबलो. म्हणालो, "नाईक, तिकडचं इकडे बोलायचं नाही."

त्याने मान हलवली आणि पुढे चालू लागला. शेवटची परीक्षा होती आणि मी तीत उतरलो, या अभिमानात मी पुढची कित्येक वर्षं काढली. जासूद झालो, कितीतरी दारांत उभा राहिलो, मुलखाचं राज्य गेलं, खडकीला गोऱ्यांची छावणी पडली, आणि निरोप न्यायला माणसाची गरज उरली नाही. टपालवाला लखोटा देतो आणि जातो. आत काय आहे ते त्याला माहीत नसतं, म्हणून त्याला गप्प बसण्याचं श्रेयही नाही.

सरदार गेले, मग धाकटेही गेले. नाईक खाटेला खिळला होता तेव्हा मी त्याला भेटायला गेलो. आता कोणाचं काही बिघडणार नव्हतं. म्हणून मी त्याच्या खाटेशी बसून वाघोलीचं सगळं सांगितलं. लीद नसलेले खुंटे, राख नसलेल्या चुली, तीनदा भेटलेला तांबड्या मुंडाशाचा माणूस. नाईक आधी नुसता ऐकत होता. मग त्याचं पोट हलायला लागलं. तो इतका हसला की खोकला लागला. त्याची सून पाणी घेऊन धावत आली आणि माझ्याकडे रागाने बघून गेली. नाईकाने डोळे पुसले.

"इतकी वर्षं पोटात ठेवलंस हे?"

"तुम्हीच शिकवलंत. तेव्हा तुम्ही परीक्षा घेतलीत, आणि..."

"कसली परीक्षा?" नाईक कोपरावर उठत म्हणाला. "गाढवा, मला खरंच ऐकायचं होतं!"